मयत उचलेपर्यंत

शिवकांताबाईंना पुणं दाखवायचं म्हणून लेकानं, रुद्रेशनं, ऑफिसातून सुट्टी काढली, अन् नेमकं त्याच दिवशी बिल्डिंगीत मयत झालं. आता याला योग म्हणा नाहीतर भोग म्हणा. बाईच्या नशिबात सरळ कधी काही आलंच नाही. लग्नातसुद्धा वरातीची जीप मांजरा नदीत रुतली होती.

तर बाई केजच्या. नवरा कल्याणराव, बाजारतळाजवळ किराणा दुकान. भुसार, गूळ, खोबरं, पोरांसाठी गोळ्या-बिस्किटं. कल्याणराव जाऊन तीन वर्षं झाली. दुकानाच्या जागेत आता एक पोरगा मोबाइल दुरुस्त करतो, अन् मागच्या घरात शिवकांताबाई एकट्या. एका माणसाचा स्वयंपाक म्हणजे काय असतो ते ज्यानं केलाय त्यालाच ठाऊक. थोडी भाजी केली तर कढईला लागते, जास्त केली तर दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा ताटात. दिवस मावळला की त्या टीव्ही लावायच्या अन् त्यातल्या बातम्यावाल्यालाच दोन शिव्या हासडायच्या. घरात दुसरं होतं कोण?

म्हणून रुद्रेशनं फोनवर "आई, आता इकडंच राहायला ये" असं म्हटल्यावर बाईंनी "बघू की" म्हटलं खरं, पण आतून त्या हरखल्या होत्या. शेजारच्या छबुबाईला तर सांगूनच आल्या, "मी आता काही माघारी येत न्हाई बघ." छबुबाई रडली. बाईंना त्याचंही बरंच वाटलं, खोटं कशाला बोला.

पुण्यात येऊन आठवडा झाला तरी लेकाला तोंडानं काही त्यांनी सांगितलं नव्हतं. बाईमाणसानं जरा आढेवेढे घ्यावेत, लगेच हो म्हटलं की किंमत राहत नाही. सून कावेरी गुणाची, पण ती सकाळी जायची ती अंधार पडल्यावर यायची. नात ईश्वरी शिकायला परगावी. शेवटी रुद्रेशच म्हणाला, "आई, उद्या मी सुट्टी काढतो. दिवसभर पुणं बघ, अन् संध्याकाळी मला काय ते सांग. हो म्हणालीस तर रविवारी केजला जाऊ, घराला कुलूप लावून येऊ."

बाईंनी तेव्हाच ठरवलं, संध्याकाळी हो म्हणायचं.

सकाळी उठून आंघोळ केली, कपाळाला भस्म लावलं, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा केली, ठेवणीतलं इरकल नेसल्या. खाली उतरल्या तर गेटाजवळ एक टेम्पो उभा. दोन माणसं त्यातून काचेची लांबलचक पेटी उतरवत होती. मयत थंड ठेवायची असली पेटी त्यांनी केजच्या दवाखान्यात बघितली होती.

"कोण गेलं रं?" त्यांनी वॉचमनला विचारलं.

"चौदाव्या मजल्यावरचे आजोबा. पहाटं गेले."

रुद्रेश "अरेरे" म्हणाला अन् खिशातून गाडीची चावी काढली. बाई जागच्या हलल्या नाहीत.

"मग आपून कुठं निघालो?"

"पुणं बघायला."

"मयत घरात ठिवून?"

"आपल्या घरात नाही गं आई. चौदाव्या मजल्यावर."

"दार एकच हाय ना खालचं? मग एकच गल्ली झाली की. नाव काय त्यांचं?"

रुद्रेशला नाव येत नव्हतं. "लिफ्टमधे भेटायचे," तो म्हणाला. "चांगले होते. हसायचे."

आता हे केजबाहेरच्या माणसाला सांगायला पाहिजे. शिवकांताबाईंच्या लिंगायत वाण्यांत सुतक पाळत नाहीत, पण गल्लीचा कायदा सुतकाहून कडक. गल्लीत मयत पडलं की ते उचलेपर्यंत कुणाच्या घरात चूल पेटत नाही. जात कुठलीही असो, वैर असो नाहीतर दोस्ती. लेकरांना कोपऱ्यात नेऊन बिस्किट देतील, पण मोठं माणूस घास घेणार नाही. शेजारचा आश्रुबा गेला तेव्हाची गोष्ट. त्यानं अन् कल्याणरावांनी गटारीवरून वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड बघितलं नव्हतं. कल्याणरावांना साखरेचा आजार. तरी दुपार टळेपर्यंत माणूस उपाशी बसला अन् मग चक्कर येऊन ओट्यावरच आडवा झाला. शुद्धीवर येताच म्हणाले, "मेल्यावरबी छळलं बघ भाड्यानं." पण मयत उचलल्याशिवाय साधा चहा घेतला नाही.

"आई, त्यांची मुलगी बेंगळुरूहून यायचीय," रुद्रेशनं समजूत घातली. "संध्याकाळी नेतील. दार बंद आहे त्यांचं. आपण तिथं जाऊन करणार काय? इथं असं कुणी जात नाही. आणि सुट्टी मला परत मिळायची नाही."

शेवटचं ऐकून बाई विरघळल्या. लेकाच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, आठवडाभर त्या बघतच होत्या. "चल," त्या म्हणाल्या. "पण ते उचलेपर्यंत मी तोंडात पाण्याशिवाय काही घालायची न्हाई. मला आग्रह करू नगंस."

"बरं बाई," रुद्रेश हसून म्हणाला. त्याला वाटलं, म्हातारी विसरेल. आईला ओळखत नव्हता असं नाही, पण लई दिवसांत जवळून बघितलं नव्हतं.

आधी स्टेशनाजवळ गाडी लावून मेट्रोची एक फेरी. डबा कसला, थंडगार, लखलखीत, जमिनीवर शिंतोडा नाही. बाईंना मनापासून आवडला. खिडकीतून खाली पुलावर पूल, अन् लांबपर्यंत उंचच उंच इमारती. काहींना तर अजून बांबू बांधलेले.

"दहा वर्षांपूर्वी इथं सगळी शेतं होती," रुद्रेश म्हणाला. जणू त्यानंच हातानं उभं केलं होतं सगळं.

"कुणाची?"

"काय कुणाची?"

"शेतं रं. कुणाची होती?"

"ते मला काय माहीत!"

समोर एक बाई बसली होती, त्यांच्याच वयाची. शिवकांताबाई तिच्याकडं बघून हसल्या अन् विचारलं, "कोण गावच्या तुमी?" त्या बाईनं आधी मागं बघितलं, मग पर्स मांडीवर ओढून घेतली. रुद्रेश कानाशी आला, "आई, इथं असं विचारत नाहीत." पुढचं स्टेशन येईपर्यंत बाई खिडकीतूनच बघत राहिल्या.

मग मॉल. सरकत्या जिन्यापुढं बाई अशा अडून राहिल्या की मागं रांग लागली. "देवा मन्मथस्वामी!" म्हणत पाय टाकला अन् वर जाईस्तोवर लेकाचा दंड सोडला नाही. वर पोचल्यावर स्वतःच खळखळून हसल्या. "कपिलधारच्या देवळाच्या पायऱ्यांला असं करायला पायजे बघ. छबुबाईचे गुडघे वाचतील." रुद्रेशही हसला. तेवढ्यापुरता तो बाईंना लहानपणीचा वाटला, दुकानातला गूळ चोरून खाणारा.

"आई, ज्यूस घे ना."

"उचललं का बघ."

"अगं इथं कुणाला कळणारंय?"

"मला कळतंय की."

रुद्रेशनं वॉचमनला फोन लावला. मयत अजून उचललं नव्हतं. मुलीचं विमान लेट होतं. तो स्वतः ज्यूस प्यायला, अर्धा टाकून दिला. बाई काचेमागच्या बाहुल्यांच्या साड्या बघत फिरल्या. पोटात कावळे ओरडत होते, पण त्याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं. कुणासाठी उपाशी राहावं असं तीन वर्षांत काही घडलंच नव्हतं. त्या न बघितलेल्या आजोबांचा चेहरा त्या मनात जुळवत होत्या, अन् तो हळूहळू कल्याणरावांसारखा होत चालला होता.

दुपारी रुद्रेशनं त्यांना थाळीच्या हॉटेलात नेलं. "तू नको खाऊ, नुसती बस," म्हणाला. बसल्यावर बाईंचा हात कापू लागला. पाण्याचा पेला टेबलावर आपटला, पाणी सांडलं. रुद्रेशनं ते बघितलं अन् फोन घेऊन बाहेर गेला. काचेपलीकडं तो कानाला फोन लावून उभा होता. लगेच आत आला.

"उचललं, आई."

"आं? आत्ताच?"

"हो. मुलगी आली म्हणे लवकर. गेले सगळे. वॉचमन म्हणाला."

बाईंनी हात जोडले. "गेला बिचारा. सुटला. मातीला माणसं बरी होती का रं?"

"होती," रुद्रेश ताटाकडं बघत म्हणाला. "बरीच होती."

मग बाई जेवल्या. काय जेवल्या! वरण-भात, भरली वांगी, पुरणपोळीवर तुपाची धार. वाढपी "आजी, अजून एक?" म्हणाला तर "टाक बाबा" म्हणाल्या. लेकालाही आपल्या ताटातला घास दिला. लेक समोर, ताट भरलेलं, आजूबाजूला माणसांचा गलबला. असं जेवण त्या किती दिवसांनी जेवत होत्या! हात धुताना त्यांचे डोळे भरून आले. बेसिनच्या आरशात स्वतःलाच म्हणाल्या, "येडी कुठली."

दुपारनंतर रुद्रेशनं त्यांना आपलं ऑफिस दाखवलं, म्हणजे बाहेरून. निळ्या काचेचा डोंगरच. आत न्यायला गेला तर दारावरच्या गार्डानं अडवलं. रुद्रेशनं गळ्यातलं कार्ड दाखवलं तरी गार्ड म्हणाला, बरोबरच्यांना आधी परवानगी पाहिजे. बारा वर्षं झाली होती पोराला तिथं. आतून माणसं लोंढ्यानं बाहेर पडत होती, त्याच्या अंगावरून जात होती. "काय रुद्रेश, आज इकडं कसा?" असं एकानं म्हटलं नाही. केजात कल्याणराव स्टँडपासून घरापर्यंत निघाले की रामराम घेता घेता घरातला चहा थंड व्हायचा. बाईंना लेकाची लई माया आली. एकटा हाय पोरगा, त्या मनाशी म्हणाल्या. मी पायजे इथं. डबा करून देईन, आल्यावर दार उघडीन.

"चल घरी," त्या म्हणाल्या. "गुडघे बोलायला लागले."

"अजून टेकडी दाखवायचीय. तिथून सगळं पुणं दिसतं."

"बास झालं. पुणं काय पळून चाललंय व्हय?"

तरी रुद्रेशनं टेकडीवर नेलंच. मग चहा. मग चहावर काहीतरी आणखी. बाईंना नवल वाटलं, एरवी घड्याळ बघणारा पोरगा आज एवढा निवांत कसा. पण निवांत कुठला, सारखा फोन काढून बघत होता. शेवटी बाईच गाडीत जाऊन बसल्या. वाटेत त्यांनी मनात वाक्य जुळवून ठेवलं. घरात पाय टाकला की म्हणायचं, "रुद्रेश, रविवारी जाऊन कुलूप लावून येऊ." लगेच म्हणायचं, आढेवेढे नाहीत.

गाडी गेटाशी आली अन् थांबली. पुढं पांढरी शववाहिका आडवी उभी होती. मागचं दार उघडं.

बाईंना आधी वाटलं, दुसरं कुणीतरी गेलं. मग वॉचमन खिडकीशी वाकला. "साहेब, दोन मिनिटं. चौदाव्या मजल्यावरच्यांना नेतायत. मी सांगितलं होतं ना तुम्हाला फोनवर, पाचपर्यंत थांबावं लागंल."

रुद्रेशनं स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. बाईंनी त्याच्याकडं बघितलं. तो त्यांच्याकडं बघेना. पोटातलं सगळं जेवण त्यांना एकदम जाणवलं. पुरण, तूप, वांगी.

दार उघडून उतरल्या.

लिफ्टमधून चाकांचं स्ट्रेचर बाहेर आलं. वर पांढऱ्या कापडात गुंडाळलेला देह, कडेला चार फुलं. ढकलायला गाडीचे दोघे. मागं जीन्स घातलेली, सुजलेल्या डोळ्यांची मुलगी, तिचा नवरा, अन् एक म्हातारी. बास. येणारी-जाणारी माणसं कडेनं वाट काढत होती. एका पोरानं वॉचमनला विचारलं, माझं पार्सल आलं का?

बाई मागं वळून ओरडल्या, "रुद्रेश! खांदा दे त्यांना!"

रुद्रेश गाडीतून उतरला होता. जवळ आला अन् हळूच म्हणाला, "खांदा लागत नाही, आई. चाकं आहेत."

देह गाडीत सरकला. मुलगी अन् जावई चढले. म्हातारीला गुडघ्यांनी चढवेना, तेव्हा मुलगीच म्हणाली, "आई, तू थांब वर. आम्ही करून येतो." दार लागलं, गाडी निघून गेली. म्हातारी तिथंच लिफ्टपुढं उभी. शिवकांताबाई जाऊन तिच्याशेजारी उभ्या राहिल्या अन् तिचा हात धरला. बर्फासारखा गार.

"तुम्ही कोण?" म्हातारीनं विचारलं.

"शेजारीण."

"कितव्या मजल्यावरच्या?"

बाईंना मजला आठवेना. "हितल्याच," त्या म्हणाल्या.

"सकाळपासून कुणी आलं नाही हो," म्हातारी म्हणाली. तक्रार नव्हती त्यात, नुसतं सांगत होती. "मी म्हणलं, लोकांना माहीत नसेल."

शिवकांताबाईंना वाटलं, जमीन दुभंगावी. त्यांना माहीत होतं. त्या जेवून आल्या होत्या. अंगाला अजून हॉटेलातल्या तुपाचा वास होता, अन् तो हिला येत असेल या भीतीनं त्या अंग चोरून उभ्या होत्या. म्हातारीला त्यांनी वर पोचवलं, घोटभर पाणी पाजलं, मुलगी परत येईपर्यंत तिच्याजवळ बसल्या.

घरी आल्या तेव्हा रुद्रेश सोफ्यावर दिवा न लावता बसला होता.

"आई, तुझा हात कापत होता गं. तुला चक्कर आली असती. म्हणून बोललो तसं."

"कळलं मला."

"चिडलीस?"

"न्हाई." खरंच चिडल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर सोपं झालं असतं. "मला उद्याची केजची गाडी बघ."

रुद्रेश ताडकन उठला. "एवढ्यावरून? अगं तुझ्या काळजीनंच ना?"

"बस खाली. ऐक." बाईंनी पदरानं तोंड पुसलं. "मी कालपासून हो म्हणायचं ठरवून होते. छबुबाईला सांगून आलते, माघारी येत न्हाई म्हणून. तिकडं मला सोन्याचा घास न्हाई वाढून ठिवलेला. भिंतीसंगं बोलत असते मी. पण मी गेले तर एक वेळ गल्लीनं उपाशी राहावं, एवढं वाटतंय रं. चुली लई कमी राह्यल्या तिथं आता, पण हायेत तेवढ्या थंड राहतील. भूक लागली की पोरं वैतागतील, कधी उचलतेत म्हणतील. म्हणू द्या. हितं मी गेले तर तू रडशील, मला ठाव हाय. पण खालून माणसं पार्सल घेऊन जातील."

रुद्रेश लहान पोरासारखा म्हणाला, "अन् माझ्या वेळेला, आई? मी तर इथंच आहे."

बाईंनी झडप घालून त्याच्या तोंडावर हात ठेवला. "मेल्या! आईपुढं असं बोलतेत व्हय? इडापिडा टळो." मग तोच हात त्याच्या गालावर राहिला. "तू गावाला येत जा की. आपली गल्ली हाय."

"तिथं मला कोण ओळखतं? मागच्या दिवाळीत बिभीषणच्या हॉटेलात बसलो तर त्याच्या पोरानं विचारलं, पाहुणे कुणाकडं आलात?"

बाईंना हे ठाऊक नव्हतं. कायदा गल्लीचा होता, अन् गल्ली सोडलेल्या पोरासाठी त्यात काही सांगितलेलं नव्हतं. मी असेन तर मी राहीन उपाशी, एवढंच त्यांच्या मनात आलं, अन् असलं अभद्र मनात आलं म्हणून त्यांनी स्वतःलाच चिमटा काढला. मी थांबते बाबा, हे शब्दही जिभेवर आले. ते मात्र त्यांनी गिळले.

रुद्रेशनं फोन काढला. त्याच्या उजेडात त्याचा चेहरा ओला दिसत होता. दोघं शेजारी शेजारी बसून होते. स्क्रीनवर गाडीतल्या जागा चौकोनाचौकोनांनी आल्या.

"खिडकीची घेऊ का?" त्यानं विचारलं.

"घे," बाई म्हणाल्या. "कुठलीबी घे."